एरोस्पेसला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी : कनिष्ठ महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, वर्गशिक्षक आणि करिअर मार्गदर्शन कक्षाचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की पालक तुमच्याकडे येतात आणि विचारतात, "एरोस्पेसला कुठे मिळेल?" तोवर या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग ठरून गेलेला असतो. कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरला, जातीचा दाखला कोणत्या नमुन्यात काढला, अकरावीचे फिजिक्स किती गांभीर्याने झाले, आधारवर नाव कसे आहे, हे सगळे त्याआधीच्या दीड वर्षात घडते, आणि त्या दीड वर्षात मूल तुमच्या वर्गात असते. म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. गुण चांगले असूनही कागदामुळे किंवा चुकलेल्या तारखेमुळे जागा हुकते तेव्हा फार हळहळ वाटते, कारण ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

आधी दारे किती आहेत ते पाहू. बी.टेक. एरोस्पेसचे जुने, भक्कम विभाग चार आयआयटींमध्ये आहेत : मुंबई, मद्रास, कानपूर आणि खरगपूर. तिथे जेईई मेन, मग जेईई अॅडव्हान्स्ड आणि शेवटी जोसाचे (केंद्राच्या तंत्रशिक्षण संस्थांतल्या जागांचे एकत्रित वाटप करणारी यंत्रणा) समुपदेशन असा रस्ता आहे. फक्त जेईई मेनच्या जोरावर जोसामधून मिळू शकणाऱ्या जागांमध्ये चंदीगडचे पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज आणि शिबपूरची आयआयईएसटी ही दोन नावे ठळक आहेत. दोन्हीकडे आपल्या मुलांची स्पर्धा 'इतर राज्य' कोट्यात असते, त्यामुळे मागच्या वर्षीचा शेवटचा रँक बघताना तोच रकाना बघायचा. तिसरे दार तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटीचे, म्हणजे भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे. अंतराळ विभागाच्या अखत्यारीतली ही संस्था २००७ मध्ये सुरू झाली.

आयआयएसटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. तिथले प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या कामगिरीवर होतात, पण जोसामधून होत नाहीत. जोसाच्या यादीत ही संस्था शोधत बसलेला विद्यार्थी ती न दिसल्याने "यंदा जागा नसतील" असे समजून गप्प बसतो. प्रत्यक्षात आयआयएसटीच्या स्वतःच्या प्रवेश संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, पसंतिक्रम वेगळा द्यावा लागतो आणि जागा स्वीकारण्याचे पैसेही वेगळे भरावे लागतात. ही नोंदणी जेईई अॅडव्हान्स्डच्या निकालाच्या आगेमागे येते. नेमक्या त्याच दिवसांत घर जोसाच्या धावपळीत असते आणि खिडकी बंद झालेली कळतही नाही. तिथे तीन अभ्यासक्रम आहेत : एरोस्पेस, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन (एव्हिऑनिक्स) आणि इंजिनिअरिंग फिजिक्सचा दुहेरी पदवी अभ्यासक्रम. रॉकेटच्या रचनेत रस असलेल्या मुलाने पहिला घ्यावा. उपग्रहाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये रस असलेल्याने दुसरा. "आयआयएसटी म्हणजे इस्रोची नोकरी पक्की" असे पालकांना कृपया सांगू नका. इस्रोमधली भरती रिक्त पदांवर आणि ठरावीक सीजीपीएच्या अटीवर अवलंबून असते.

जेईई अॅडव्हान्स्डबाबतही एक गोष्ट वर्गात फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. मेनच्या निकालात पहिल्या अडीच लाखांत नाव आले म्हणजे अॅडव्हान्स्डचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तो वेगळा भरायचा असतो, शुल्क वेगळे असते आणि मुदत जेमतेम काही दिवसांची असते. परीक्षा सलग दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते, आणि बारावीला पहिल्यांदा बसलेले वर्ष चालू किंवा त्याच्या आधीचे असावे लागते. बारावीनंतर दोन वर्षे घरी बसून तयारी करू म्हणणाऱ्या मुलाला हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

त्यानंतर ७५ टक्क्यांची अट. अॅडव्हान्स्ड देण्यासाठी ती नाही, पण आयआयटीत प्रवेश घेताना बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, यातले एक असावे लागते. ही टक्केवारी गुणपत्रिकेच्या तळाशी छापलेली नसते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी एक विषय अशा पाच विषयांची ती काढतात. इंग्रजीत ५८ आणि मराठीत ८४ असतील तर भाषा म्हणून मराठी धरता येते. पाचवा विषय जीवशास्त्र असो, आयटी असो, त्यातले गुण इथे मोजले जातात. क्लासच्या नादात "भाषा नुसती पास झालो की पुरे" म्हणणाऱ्या मुलांना हे गणित अकरावीतच करून दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे.

आता दाखल्यांकडे येतो. महाराष्ट्रातली मुले इथे सर्वाधिक अडखळतात.

राज्याच्या सीईटीसाठी काढलेला नॉन-क्रिमिलेअर दाखला आणि केंद्राच्या प्रवेशांसाठी लागणारा ओबीसी-एनसीएल दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. नेमका फरक कुठे बघायचा? केंद्राच्या नमुन्यात दाखला भारत सरकारच्या सेवा व संस्थांसाठी असल्याचा उल्लेख असतो आणि क्रिमिलेअरच्या संदर्भात कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाचा, म्हणजे ३६०१२/२२/९३ या क्रमांकाचा, उल्लेख असतो. तो क्रमांक कागदावर दिसला नाही तर दाखला बहुधा राज्याचा आहे आणि जोसाच्या पडताळणीत तो परत येईल. दुसरी अट तारखेची. दाखला प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतर दिलेला हवा. राज्याच्या दाखल्यावर "तीन वर्षे वैध" लिहिले असले तरी इथे त्याचा उपयोग नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्यालाही हीच १ एप्रिलची रेघ लागू आहे. म्हणजे मूल जेईई मेनच्या एप्रिल सत्राच्या गडबडीत असताना पालकांनी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाकलेला असायला हवा. मे महिन्यात तहसील आणि प्रांत कार्यालयांत गर्दी उसळते. अॅडव्हान्स्डच्या नोंदणीत दाखल्याऐवजी घोषणापत्र चालून जाते, पण पुढे जोसामध्ये मूळ कागद द्यावाच लागतो. तो मुदतीत आला नाही तर मूल खुल्या प्रवर्गात ढकलले जाते, आणि प्रवर्गाच्या रँकवर हाती आलेली जागा जाते.

प्रवर्गांची नावेही जुळत नाहीत. राज्यातल्या विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना केंद्रात वेगळे स्थान नाही. यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून जातीचे नाव केंद्रीय यादीत शोधून मगच अर्ज करायचा. मराठा समाजासाठीचे एसईबीसी आरक्षण राज्यापुरते आहे. केंद्राच्या प्रवेशांत हे विद्यार्थी खुल्या प्रवर्गात येतात आणि निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. कुणबी दाखला असेल तर मात्र मार्ग केंद्रीय ओबीसीचा. हे सगळे एका पानाच्या तक्त्यात मांडून सूचनाफलकावर लावता येईल, आणि तुमच्या कार्यालयातल्या एका लिपिकाला या तक्त्याची नीट माहिती असली तर शंभर घरांचे हेलपाटे वाचतील.

नावाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो फार छळतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर बहुतेकदा नाव आधी असते, कुठे वडिलांचे नाव गळालेले असते, कुठे 'भाऊसाहेब'चे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेने असते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यायचे, आणि हे काम अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत उरकायचे. बारावीत आधार दुरुस्तीच्या रांगेत उभे राहायला कोणाकडेच वेळ नसतो.

परीक्षेच्या भाषेबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. जेईई मेन मराठीतून देता येते आणि हा पर्याय असणे ही चांगली गोष्ट आहे. पण आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत फिजिक्स, केमिस्ट्री इंग्रजीतून शिकवले जाते. दोन वर्षे 'टॉर्क' आणि 'मोमेंट ऑफ इनर्शिया' वाचलेल्या मुलाला परीक्षेत 'बल आघूर्ण' आणि 'जडत्व आघूर्ण' समोर आले की वेळ जातो. जेईई अॅडव्हान्स्ड तर फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. ज्यांचे संपूर्ण शिक्षण आणि सराव मराठीतून झाला आहे त्यांनीच मराठी निवडावी. इतरांनी इंग्रजी ठेवावी, आणि तुम्ही वर्गात शिकवताना दोन्ही शब्द एकत्र उच्चारत जावेत.

आणि अकरावी! एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार सुमारे २० टक्के असतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी अकरावीचे वर्ष वाऱ्यावर सोडले जाते. जेईईत तसे चालत नाही. शिवाय एरोस्पेसचा पाया नेमका अकरावीत आहे. व्हेक्टर, रोटेशनल मोशन, द्रव यांत्रिकी, थर्मोडायनॅमिक्स, आणि जोडीला बारावीचे कॅल्क्युलस. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याला एरोडायनॅमिक्स, स्ट्रक्चर्स, प्रोपल्शन आणि उड्डाणाची गतिकी व नियंत्रण हे चार विषय शिकावे लागतात, आणि चारही ठिकाणी डिफरन्शियल इक्वेशन सोडवणे रोजचे असते. विमानांची चित्रे आवडतात पण गणिताचा कंटाळा येतो, अशा मुलाशी आधीच मोकळेपणाने बोला.

जोसामधला पसंतिक्रम भरताना एकच तत्त्व पाळावे : जे खरोखर हवे ते वर. वरचा पर्याय "मिळणारच नाही" म्हणून गाळला तर फायदा काहीच नाही. तो भरल्याने खालच्या पर्यायांची शक्यता कमी होत नाही. मागील वर्षांचे सुरुवातीचे आणि शेवटचे रँक जोसाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय मिळतात. ते वाचताना दोन चुका होतात. पहिली, ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसच्या रकान्यातला आकडा सामान्य यादीतल्या रँकशी ताडून बघणे. त्या रकान्यात प्रवर्गातला रँक असतो. दुसरी, मुलींनी फक्त 'जेंडर-न्यूट्रल'ची ओळ बघून निराश होणे. आयआयटींमध्ये मुलींसाठी वाढीव जागा आहेत आणि त्यांची ओळ वेगळी असते. बहुतेक ठिकाणी तिथला शेवटचा रँक बराच खाली गेलेला दिसतो. "आत्ता मिळेल ते घे, वर्षभराने ब्रँच बदलू" हा सल्ला आता जुना झाला. अनेक आयआयटींनी ब्रँच बदल बंद केला आहे किंवा आवळला आहे.

राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) एरोस्पेस किंवा एरोनॉटिकलच्या जागा थोड्या आहेत. आष्ट्याचे अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरचे प्रियदर्शिनी अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यातली परिचित नावे; यंदाच्या यादीत जागा आहेत ना, हे बघूनच पर्याय भरावा. बाकीच्या बऱ्याच जागा खासगी विद्यापीठांत आहेत, आणि तिथे पैशांची एक बाब पालकांना आधीच माहीत हवी. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशांना आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना, तसेच व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. "मुलींना फी नाही" एवढेच ऐकून आलेल्या पालकांना दुसऱ्या सत्रात धक्का बसू नये.

सीमाभागातल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना कर्नाटकही जवळ आहे. तिथल्या खासगी महाविद्यालयांतल्या बऱ्याच एरोस्पेस-एरोनॉटिकल जागा कॉमेडकेच्या परीक्षेतून भरतात. १८० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि परीक्षा राज्याबाहेरच्यांना खुली आहे.

महाविद्यालय बघायला गेलेल्या पालकांनी काय विचारावे, हे तुम्ही त्यांना लिहून द्या. विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर ठरावीक वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याचा बोगदा, दाखवा, म्हणावे. तिचा चाचणी-कक्ष किती सेंटिमीटरचा, हवेचा वेग किती मिळतो, आणि मागच्या सत्रात विद्यार्थ्यांनी तिच्यात काय मोजले? मॉडेलवरचे बल मोजणारा बॅलन्स जोडलेला आहे की टनेलवर नुसते कव्हर टाकलेले आहे? अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची यादी मागावी. विभागातल्या किती शिक्षकांची पीएच.डी. एरोस्पेसमध्ये आहे ते विचारावे. पदवीवर नेमके काय नाव छापले जाईल तेही. ज्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे टाळली जातात, तिथली एरोस्पेसची जागा घेण्यापेक्षा सीओईपी, व्हीजेटीआय किंवा सांगलीच्या वालचंदमधले मेकॅनिकल केव्हाही चांगले, असे आमचे ठाम मत आहे.

हे मत कशामुळे? मेकॅनिकल करूनही एरोस्पेसमध्ये जाता येते. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा एरोस्पेसचा पेपर मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला देता येतो आणि आयआयटी किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या विषयात एम.टेक. करता येते. शिवाय इस्रोच्या केंद्रीय भरतीत सायंटिस्ट-इंजिनिअर पदांच्या जाहिराती प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी निघतात. "इस्रोत जायचे म्हणून एरोस्पेस" हे समीकरण पालक गृहीत धरतात, पण जाहिरातीतली शैक्षणिक पात्रता वाचली की चित्र वेगळे दिसते. डीआरडीओच्या भरतीत एरोनॉटिकलला जागा असतात. मागच्या दोन-तीन जाहिराती छापून मुलांना वाचायला द्याव्यात.

आणखी एक घोळ तुमच्या वर्गांपर्यंत पोचतो, तो एएमईचा. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग हा चांगला, जबाबदारीचा पेशा आहे. विमान उड्डाणासाठी सोडण्याच्या कागदावर सही करणारा तोच. पण ही बी.टेक. पदवी नव्हे. तो डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना आहे : बी१ यांत्रिक बाजूसाठी, बी२ एव्हिऑनिक्ससाठी. संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता लागते. परवाना मिळण्यासाठी मॉड्यूलच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानांवरचा अनुभव दोन्ही लागतात. नुसत्या एएमईवर गेट देऊन एम.टेक.ला जाता येत नाही. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत 'एरोनॉटिकल इंजिनिअरिंग' असते. तुमच्या महाविद्यालयात अशा संस्थेचा प्रतिनिधी व्याख्यानाला येणार असेल तर आधी त्याच्याकडून मान्यतापत्र मागवा. कोणत्या गटासाठी आणि कधीपर्यंत वैध आहे ते बघा. विद्यार्थी चालू स्थितीतल्या विमानांवर कुठे काम करतील हे लेखी घ्या. ही शहानिशा झाल्याशिवाय मुलांना सभागृहात बसवू नका.

परदेशी जाणारे थोडे असतात, पण त्यांची कामे तुमच्या कार्यालयातूनच जातात. ब्रिटनच्या विद्यापीठांसाठीच्या यूकास या सामायिक अर्जात पाच पर्याय, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि बारावीचे अपेक्षित गुण लागतात. हे तिन्ही डिसेंबरपर्यंत तयार हवे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला एरोस्पेसच्या पहिल्या वर्षाला ४४० जागा आहेत आणि मुदत १५ जानेवारी. जर्मनीसाठी एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र लागते, आणि अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर एक वर्षाचे स्टुडिएनकोलेग (विद्यापीठापूर्वीचा तयारीचा अभ्यासक्रम) टळू शकते. अमेरिकेबद्दल एवढेच सांगावे की शिक्षण मिळते, पण तिथल्या निर्यात-नियंत्रण कायद्यांमुळे रॉकेट आणि संरक्षण क्षेत्रातल्या नोकऱ्या परदेशी नागरिकाला जवळपास बंद असतात.

आमची विनंती अशी. येत्या सत्रात अकरावीच्या वर्गाला एक तास द्या आणि त्यात दाखल्यांचा तक्ता, पाच विषयांचे गणित आणि आयआयएसटीची वेगळी नोंदणी एवढेच सांगा. बारावीच्या फेब्रुवारीत पालकांना एक संदेश पाठवा, की १ एप्रिलनंतर केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढायचा आहे. आणि जेईई मेनच्या एप्रिल सत्राचा निकाल लागेल त्या आठवड्यात एका शिक्षकाकडे जबाबदारी द्या : पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलाला फोन करून अॅडव्हान्स्डचा फॉर्म भरला का, एवढे विचारायचे. तक्ता तयार करायला, किंवा एखाद्या संस्थेची कागदपत्रे तपासायला मदत हवी असेल तर आम्ही ती विनामूल्य करू.

आपले,
एरोस्पेस क्षेत्रात काम करणारे आणि शिकवणारे काही अभियंते